लेनिनग्राडचे डबे आणि भांगेचं बी

मागच्या वेळी आपण सोऱ्याबद्दल, म्हणजे बंदुकीच्या दारूतल्या सोऱ्याबद्दल बोललो होतो. आजचा विषयही शेतातून रणांगणावर गेलेल्या वस्तूचा आहे. हेम्प. औद्योगिक भांग म्हणा हवं तर. पण दोर, कापड किंवा तेल यांच्यापेक्षा आज मला त्याच्या बियाण्याबद्दल बोलायचं आहे. हे बियाणं कुणी जपलं, कुणी घालवलं आणि त्याचे परिणाम काय झाले, एवढाच आजचा मुद्दा.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. मराठीत हेम्प म्हटलं की कुणी ताग समजतं, कुणी अंबाडी. चूक आपली नाही, इंग्रजांची आहे. दोर वळता येईल अशा कुठल्याही वाखाला ते हेम्प म्हणून मोकळे व्हायचे. आपण ज्याला ताग किंवा बोरू म्हणतो ते त्यांचं सन हेम्प. आपली भाजीची अंबाडी ते डेक्कन हेम्प किंवा बॉम्बे हेम्प म्हणून विकायचे. फिलिपीन्समधल्या केळीच्या जातीच्या झाडाचा वाख झाला मनिला हेम्प. या तिघांचा खऱ्या हेम्पशी काही नातेसंबंध नाही. खरं हेम्प म्हणजे कॅनाबिस सटायव्हा, आपली भांग-गांजाचीच वनस्पती. फरक वाणाचा. काही वाणांत खोड उंच, वाख भरपूर आणि नशेचं द्रव्य जवळजवळ नाही. काही वाणांत याच्या बरोबर उलट. या द्रव्याचं नाव टीएचसी. आज बहुतेक देशांत त्याचं प्रमाण 0.3 टक्क्याच्या आत असलं तरच झाड औद्योगिक हेम्प ठरतं.

या झाडाला सैन्यात एवढी किंमत का? शिडांच्या काळात हेम्पशिवाय नौदल हलत नव्हतं. नेल्सनच्या 'व्हिक्टरी' या एका जहाजावर सुमारे 26 मैल दोर होता. समुद्राच्या पाण्याने तो कुजतो, म्हणून डांबर लावायचं आणि काही वर्षांनी पुन्हा नवा दोर घालायचा. ब्रिटिश नौदलाचं हेम्प बहुतांश रशियातून, रिगा आणि सेंट पीटर्सबर्गच्या बंदरांतून येई. 1807 मध्ये तिल्झितला नेपोलियनने झारला ब्रिटनशी व्यापार बंद करायला लावला, त्यामागे ही रसद तोडण्याचाही हेतू होता. हेम्पचे काही भक्त म्हणतात की 1812 ची मॉस्कोवरची स्वारी हेम्पमुळेच झाली. मला ते अति वाटतं. युद्धं एका पिकावर होत नाहीत. पण हेम्प त्या हिशेबात होतं, हे खरं. पुढे 1853 मध्ये क्रिमियाचं युद्ध सुरू झालं आणि रशियन माल पुन्हा धोक्यात आला. मग भारतातल्या वाखाच्या वनस्पतींवर फोर्ब्स रॉयल यांचा जाडजूड ग्रंथ 1855 मध्ये निघाला, हा काही योगायोग नव्हता. आपल्या कोकण किनाऱ्याला ही चिंता नव्हती. नारळ होता, काथ्या होता.

आता बियाण्याकडे येतो. गव्हाचं किंवा हरभऱ्याचं बी कोरड्या कणगीत बरीच वर्षं तग धरतं. भांगेचं बी तेलबी आहे. त्यात सुमारे 30 टक्के तेल असतं आणि ते तेल खवट होतं. साध्या खोलीत दोन-तीन वर्षांत उगवणशक्ती झपाट्याने खाली येते. म्हणजे डब्यात ठेवून विसरलात तर ते गेलं. दर काही वर्षांनी पेरायचं, वाढवायचं, नवं बी काढायचं आणि पुन्हा डब्यात भरायचं. हे नेमाने करावं लागतं.

त्यातही एक मेख आहे. भांगेची नर आणि मादी झाडं साधारणपणे वेगवेगळी असतात आणि परागकण वाऱ्यावर उडतात, कित्येक किलोमीटर जातात. समजा तुमच्याकडे 500 वाणांचे नमुने आहेत आणि ते सगळे एका शेतात शेजारी शेजारी पेरले. पुढच्या पिढीत 500 वाण उरत नाहीत, एकच खिचडी होते. म्हणून प्रत्येक नमुना बाकीच्यांपासून लांब पेरायचा, नाहीतर बारीक जाळीच्या तंबूत वाढवायचा. झाडंही पुरेशी हवीत. दहा-पंधरा झाडांवर भागवलं तर त्या वाणाच्या अंगी असलेलं वैविध्य दोन-तीन फेऱ्यांत आटतं. हे काम खर्चिक आहे, कंटाळवाणं आहे आणि त्यात नाव होत नाही. फौजेत भांडार सांभाळणाऱ्याला शौर्यपदक मिळत नाही, तसंच.

हे काम जगात सर्वांत मोठ्या प्रमाणावर ज्या संस्थेने केलं ती लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला आहे. तिचं रोप 1894 मध्ये लावलं गेलं, पण तिला खरा आकार दिला निकोलाय वाविलोव यांनी. जन्म 1887, मॉस्को. वाविलोव यांचा विचार आज साधा वाटतो, तेव्हा नवा होता. प्रत्येक पीक कुठल्यातरी ठरावीक प्रदेशात माणसाळलं, आणि त्या प्रदेशात त्याचं सर्वाधिक वैविध्य सापडतं. 1926 मध्ये त्यांनी हे सविस्तर मांडलं. मग पुढचं पाऊल ओघाने येतं. पैदासकाराला रोगाला दाद न देणारं, थंडी सोसणारं, लवकर फुलणारं वाण हवं असेल तर त्याने त्या मूळ प्रदेशात जावं, गावोगावचं बी गोळा करावं आणि जपून ठेवावं. आज त्या बियाचा उपयोग कळत नसला तरीही.

भांग हे वाविलोव यांचं आवडतं उदाहरण होतं. व्होल्गाच्या खालच्या खोऱ्यात आणि अल्ताईत त्यांनी रानटी भांग पाहिली होती. माणूस जिथे मुक्काम टाकतो, गुरं बांधतो, उकिरडा करतो, तिथे ती आपोआप उगवते. म्हणजे माणसाने भांगेला शोधण्याआधी भांग माणसाच्या मागे लागली होती. रानटी भांगेचं बी पिकताच गळून पडतं आणि त्याच्या बुडाशी एक स्निग्ध भाग असतो. तो खायला लाल ढेकणासारखे किडे येतात आणि बी इकडे तिकडे नेतात, अशी बारीक नोंदही त्यांनी केली. या किड्याला रशियन लोक प्रेमाने 'छोटा शिपाई' म्हणतात. असो. 1924 मध्ये ते अफगाणिस्तानात गेले, तिथल्या भांगेचंही वर्णन त्यांनी केलं आहे. त्यांच्या संस्थेने भांगेचे नमुने जमवले त्यात रशियाच्या उत्तरेचे ठेंगणे, झटपट पिकणारे वाण होते, दक्षिणेचे उंच, उशिरा फुलणारे होते, शिवाय परदेशातलेही होते.

6 ऑगस्ट 1940 रोजी स्टालिनच्या पोलिसांनी वाविलोव यांना युक्रेनमध्ये बी गोळा करत असतानाच पकडलं. गुन्हा काय, तर त्यांचं आनुवंशिकशास्त्र लायसेन्को नावाच्या दरबारी शेतीतज्ज्ञाच्या मताविरुद्ध होतं. पुढच्या वर्षी फाशीची शिक्षा झाली, ती कमी करून वीस वर्षांची कैद. जानेवारी 1943 मध्ये सारातोवच्या तुरुंगात ते उपासमारीने गेले. जगातल्या भुकेवर उपाय शोधायला निघालेला माणूस असा गेला. यावर मी अधिक बोलत नाही.

8 सप्टेंबर 1941 रोजी जर्मन फौजांनी लेनिनग्राडला जमिनीवरून वेढलं. हा वेढा 872 दिवस चालला. मी उमेदीच्या काळात वेढ्यांचा बराच अभ्यास केला आहे. वेढा मुख्यतः तोफांनी लढला जात नाही, तो भुकेने लढला जातो. त्या वर्षी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये साध्या नोकरदाराला आणि घरातल्या माणसाला दिवसाला 125 ग्रॅम पाव मिळत होता, तोही भेसळीचा. शहराच्या मधोमध, सेंट आयझॅक चौकातल्या इमारतीत वाविलोव यांचे सहकारी लाखांच्या घरातल्या बियाण्याच्या नमुन्यांवर पहारा देत होते. गहू, तांदूळ, ओट, मका, शेंगदाणे, वाटाणे. एकट्याने खोलीत जायचं नाही, असा नियम त्यांनी स्वतःवर घालून घेतला होता. उंदरांपासून वाचवायला पत्र्याचे डबे एकमेकांना बांधून ठेवले. खिडक्यांना फळ्या ठोकल्या. शेंगदाण्यावर काम करणारे अलेक्झांडर श्चुकिन आपल्या टेबलाशीच गेले. तांदळाचे तज्ज्ञ दिमित्री इवानोव गेले तेव्हा त्यांच्या ताब्यात तांदळाच्या हजारो पुड्या शाबूत होत्या. ओटच्या संग्रहाच्या लीदिया रोदिना गेल्या. एकामागून एक आणखीही गेले.

इथे भांगेचा मुद्दा लक्षात घ्या. रशियात भांगेचं बी हे खाण्याचंच बी होतं. उपासाच्या दिवसांत लोणी-चरबी चालत नसे, तेव्हा शेतकरी भांगेच्याच तेलात स्वयंपाक करत. म्हणजे त्या संग्रहातलं भांगेचं बी भुकेल्या माणसाच्या दृष्टीने दोरखंडाचा कच्चा माल नव्हता. ते चांगलं, तेलकट, पोटभरीचं अन्न होतं. आणि तो संग्रह युद्धानंतरही होता.

बियाण्याची किंमत शत्रूलाही कळली होती. वेढलेल्या शहरातला संग्रह जर्मनांच्या हाती लागला नाही, पण युक्रेन आणि क्रिमियात या संस्थेची प्रयोगकेंद्रं होती. 1943 मध्ये एसएसची एक खास तुकडी हाइन्झ ब्र्यूखर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञ अधिकाऱ्याच्या हाताखाली तिथे गेली आणि बियाणं गोळा करून ऑस्ट्रियातल्या ग्राट्सजवळ लान्नाखच्या गढीत घेऊन आली. 1945 मध्ये पराभव दिसू लागल्यावर ते सगळं उडवून देण्याचा हुकूम आला. ब्र्यूखरने तो पाळला नाही. एका चोराने चोरीचा माल वाचवला, त्याचं कौतुक करावं की नाही, हे तुम्हीच ठरवा.

आता जी गोष्ट फारशी सांगितली जात नाही ती सांगतो. वेढ्यातून वाचलेला भांगेचा संग्रह शांततेत मरायला टेकला होता. 1991 मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. संस्थेचा निधी आटला. पगार नाहीत, ट्रॅक्टरला डिझेल नाही, बाहेरच्या केंद्रांपैकी काही रातोरात परदेशात गेली कारण युक्रेन आता वेगळा देश होता. गव्हाचे डबे चार वर्षं थांबू शकत होते. भांगेचे डबे थांबू शकत नव्हते, कारण मघाशी सांगितलं ते: तेलबी आहे, पेरलं नाही तर संपलं. त्यात हे पीक सोव्हिएत शेतीतूनच उतरणीला लागलेलं. सुमारे 500 नमुन्यांचा हा संग्रह, भांगेचा जगातला सर्वांत मोठा, कुणाच्या खिजगणतीत नव्हता. तेव्हा ॲमस्टरडॅमच्या इंटरनॅशनल हेम्प असोसिएशन या छोट्या संस्थेने वर्गणी जमवून पाठवली. त्या पैशांवर रशियन कर्मचाऱ्यांनी 1993 पासून पुढची काही वर्षं नमुने वेगवेगळे पेरून ताजं बी घेतलं. रक्कम एखाद्या सरकारी खात्याच्या चहापाण्याएवढीही नसेल.

त्या डब्यांतून निघालं काय? एक उदाहरण देतो, त्यात सगळं आलं. फिनलंडमध्ये जेस कॅलवे या संशोधकाला 1990 च्या दशकात असं हेम्प हवं होतं जे तिथल्या आखूड उन्हाळ्यात पिकेल. युरोपातले बहुतेक वाण वाखासाठी तयार केलेले, तीन-चार मीटर उंच. तिथे बी पिकायच्या आत बर्फ. त्यांनी लेनिनग्राडच्या संग्रहातून रशियाच्या उत्तर भागातले, लवकर फुलणारे दोन जुने वाण मागवले. त्यांच्या संकरातून जे झाड आलं ते जेमतेम दीड मीटरचं, बियाने लगडलेलं. त्याचं नाव फिनोला. कॅनडाच्या गवताळ प्रांतांत हेम्पचं खाद्य बी मोठ्या प्रमाणावर पिकू लागलं त्यात या वाणाचा वाटा मोठा आहे. ठेंगणं झाड, वाख कमी, असे हे दोन नमुने. दोरासाठी हेम्प पिकवणाऱ्या देशात कुणालाही टाकाऊ वाटले असते. ते अर्धशतकाहून अधिक काळ पुन्हा पुन्हा पेरून ठेवले गेले, कारण नियम होता की ठेवायचे.

वाखाची गोष्टही अशीच आहे. जर्मनीत ब्रेडेमान या शास्त्रज्ञाने एक युक्ती काढली. नर झाड फुलण्याआधी त्याचं खोड उभं चिरायचं, अर्ध्या भागातला वाख मोजायचा, वाख कमी असेल तर ते झाड उपटायचं. उरलेल्या चांगल्या नरांनाच परागसिंचन करू द्यायचं. अशा चिकाटीने त्यांनी वाखाचं प्रमाण दुपटीहून अधिक वाढवलं. हंगेरीचे इवान बोचा यांचं कोंपोल्ती हे गाजलेलं वाण मूळ इटालियन बियाण्यातून निवडत आलेलं, आणि पुढचे त्यांचे संकर चिनी वाणाशी केलेले. हा माणूस कितीही कुशल असता तरी चीनचं आणि इटलीचं बी हाताशी नसतं तर काय करणार होता? युक्रेनमध्ये ह्लुखिव या गावी 1931 पासून वाखपिकांची संस्था आहे. 1970 च्या दशकापासून तिथल्या पैदासकारांनी हजारो झाडं तपासून टीएचसी जवळजवळ शून्यावर आणलेले वाण काढले. आज जे कायदे 0.3 टक्क्याची अट घालतात ते या असल्या वाणांच्या जोरावरच घालू शकतात. ह्लुखिव रशियाच्या सीमेच्या अगदी जवळ आहे. 2022 नंतर तिथे काय वातावरण असेल ते नकाशा पाहिला की कळतं. त्याच वर्षी मे महिन्यात खार्किवजवळचं एक बियाणे संशोधन केंद्र माऱ्यात सापडलं. देशाचा मुख्य बीजसंग्रह मात्र वाचला.

आता उलट उदाहरण. ज्यांनी डबे ठेवलेच नाहीत त्यांचं.

अमेरिकेत केंटकी हे हेम्पचं राज्य होतं. तिथलं बी मूळ चीनमधून आलेलं आणि तिथल्या मातीत रुळलेलं. अमेरिकी कृषी खात्यात लिस्टर ड्यूई नावाचे वनस्पतितज्ज्ञ होते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून त्यांनी वॉशिंग्टनजवळच्या आर्लिंग्टन फार्मवर निवड करून उत्तम वाण काढले: किमिंग्टन, चिंग्टन, आर्लिंग्टन आणि फेर्रामिंग्टन. शेवटच्या नावात इटलीचं फेर्रारा लपलं आहे, कारण त्यात तिथल्या वाणाचं रक्त होतं. 1930 च्या दशकात हे काम थांबलं. 1937 च्या कर-कायद्याने भांगेच्या लागवडीभोवती फास आवळला. आर्लिंग्टन फार्मची जमीन पुढे युद्धखात्याकडे गेली, आज पेंटागॉनचा परिसर त्याच भागात आहे. 1942 मध्ये जपानने फिलिपीन्स घेतलं, मनिला दोर बंद झाला, तेव्हा याच सरकारने 'हेम्प फॉर व्हिक्टरी' नावाचा प्रचारपट काढून शेतकऱ्यांना हेम्प पेरा म्हणून विनवलं. युद्ध संपलं, विनवणी संपली. ड्यूईंच्या वाणांचं बी कुणी पेरत राहिलं नाही. ते वाण आज जगात नाहीत, फक्त त्यांची नावं आणि छायाचित्रं आहेत.

2014 मध्ये प्रायोगिक लागवडीला परवानगी मिळाली तेव्हा केंटकीकडे पेरायला केंटकीचं बी नव्हतं. राज्याच्या कृषी खात्याने इटलीहून 250 पौंड बियाणं मागवलं. ते केंद्राच्या अमली पदार्थ खात्याने विमानतळावर अडवलं, आणि राज्याला आपल्याच केंद्र सरकारविरुद्ध कोर्टात जावं लागलं. मग बी सुटलं. एके काळी ज्या राज्यातून देशभर बियाणं जात होतं त्याची ही अवस्था. आणखी एक गंमत ऐका. त्यांच्या मध्य-पश्चिम राज्यांत युद्धकाळातल्या पेरणीतून रानटी झालेलं हेम्प रस्त्याच्या कडेला, चरांत उगवतं. दशकानुदशकं सरकारी पैशाने ते उपटून जाळलं. आता 2018 च्या कायद्यानंतर न्यूयॉर्क राज्यात जिनेव्हा इथे सरकारने हेम्पचा बीजसंग्रह सुरू केला आहे, आणि विद्यापीठांतले संशोधक त्याच चरांमधून बी गोळा करत फिरत आहेत.

हसायला हरकत नाही. पण आपल्याकडे बघून मग हसा.

आपल्या देशात हेम्पचा जुना पुरावा शोधायला हिमालयात जायची गरज नाही. वेरूळला जा. 2016 मध्ये एम. आर. सिंग आणि छत्रपती संभाजीनगरचे मिलिंद सरदेसाई यांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवून दिलं की वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे तंतू कालवलेले आहेत. किडीने तो गिलावा खाल्ला नाही, याचं श्रेय त्यांनी भांगेला दिलं. म्हणजे हजार-दीड हजार वर्षांपूर्वी दख्खनच्या कारागिराच्या हाताशी हे झाड होतं. ते वाण कोणतं, उंच की ठेंगणं, कुठल्या शेतातलं, हे गिलाव्यातून उगवून पाहता येत नाही.

हिमालयात मात्र साखळी तुटलेली नाही. मी पिथौरागढ भागात होतो तेव्हा थंडीत घरोघरी भांगेच्या भाजलेल्या बियाची चटणी व्हायची. नशेचा तिच्याशी काही संबंध नाही, चव साधारण आपल्या कारळ्याच्या चटणीसारखी. त्याच झाडाच्या सालीच्या वाखातून दोर, पोती आणि भंगेला नावाचं जाडं कापड होई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनी काशीपूरच्या वखारीतून कुमाऊंचं हेम्प विकत घेई. म्हणजे इथल्या वाणांत बी आणि वाख दोन्हीसाठी पिढ्यान्‌पिढ्या निवड झालेली आहे, आणि ती निवड कुठल्या प्रयोगशाळेने नाही, डोंगरातल्या बायकांनी केली आहे.

कायदाही समजतो तितका कडक नाही. 1985 च्या एनडीपीएस कायद्यातलं कलम 14 सरकारला वाख आणि बी यासाठी लागवडीची परवानगी देण्याची मुभा देतं. बी तर गांजाच्या व्याख्येतूनच वगळलेलं आहे. 2018 मध्ये उत्तराखंडने व्यावसायिक लागवडीला परवाना द्यायला सुरुवात केली, असं करणारं ते पहिलं राज्य. नोव्हेंबर 2021 मध्ये भांगेचं बी आणि तेल अधिकृतपणे खाद्यपदार्थ झालं. लागवडीला अट तीच, टीएचसी 0.3 टक्क्याच्या आत. आणि इथेच घोडं अडतं, कारण पहाडातल्या बहुतेक स्थानिक झाडांत ते जास्त भरतं.

मग युरोपचं बी आणावं? तसं सुचवणारे आहेत. पण भांग दिवसाच्या लांबीवर फुलते. दिवस आखूड झाले की तिला वाटतं, हंगाम संपला, आता फुला. फ्रान्सच्या 48 अक्षांशावर उन्हाळ्याचा दिवस सोळा तासांचा. तिथलं बी कुमाऊंच्या 29-30 अक्षांशावर पेरलं की त्याला पहिल्यापासूनच दिवस आखूड दिसतो. गुडघ्याएवढं झालं की ते फुलतं. मग वाख कुठून येणार? म्हणजे भारताला औद्योगिक हेम्पचं स्वतःचं वाण हवं असेल तर ते इथल्याच बियाण्यातून, शेकडो गावच्या नमुन्यांतून कमी टीएचसीची झाडं निवडत किंवा त्यांचा बाहेरच्या वाणांशी संकर करत काढावं लागेल. दुसरा रस्ता मला दिसत नाही.

आणि ते बी दोन बाजूंनी कोंडीत आहे. एक वारा. एखाद्या खोऱ्यात परदेशी बियाण्याचं मोठं शेत उभं राहिलं की त्याचे परागकण वरच्या गावांतल्या परसातल्या झाडांवर जाणारच. एकदा मिसळलं की ते पुन्हा वेगळं काढता येत नाही. दुसरी बाजू जास्त गंभीर आहे. उत्तराखंडच्या डोंगरातली गावं रिकामी होत आहेत. तरुण डेहराडूनला, दिल्लीला, आणि हो, फौजेत. मागे राहिलेली म्हातारी माणसं दरवर्षी मूठभर भांग पेरतात म्हणून ते वाण टिकलं आहे. ती गेली, घराला कुलूप लागलं, की कोनाड्यातल्या डब्यातलं बी दोन-चार वर्षांत मरतं. भाताच्या वाणाला जितकी सवड आहे तितकी भांगेला नाही. कुलपाची तारीख आणि वाणाची तारीख यांत फार अंतर नसतं.

यंत्रणा आपल्याकडे नाही असं नाही. दिल्लीला राष्ट्रीय वनस्पती जनुक संसाधन ब्युरोची बीजपेढी आहे, उणे 18 अंशांवर कोरडं बी दशकानुदशकं राहतं. त्याच ब्युरोचं केंद्र नैनिताल जिल्ह्यात भवालीला आहे, म्हणजे ऐन भांगेच्या मुलखात. 2010 मध्ये ब्युरो आणि डीआरडीओची लेहची प्रयोगशाळा यांनी मिळून लडाखमध्ये चांग ला खिंडीत, 17,000 फुटांवर, कायम गोठलेल्या जमिनीचा फायदा घेऊन बियाण्याचं कोठार केलं. त्या खिंडीत माणसाला श्वास पुरत नाही, पण बियाला ती मानवते. मात्र भांगेला नुसता गारठा पुरत नाही. आधी कुणीतरी गावोगाव जाऊन, कुठलं बी, कुणाच्या परसातलं, किती उंचीवरचं, चटणीचं की दोराचं, हे लिहून आणायला हवं. मग दर नमुन्याला जाळीचा तंबू, पुरेशी झाडं, टीएचसीची चाचणी, ताजं बी. आणि हे करणाऱ्या माणसाकडे असा कागद हवा की पोलिसांनी त्याचं शेत उपटू नये. अमेरिकेने आधी उपटलं आणि मग शोधलं. उत्तराखंडात हा क्रम अजून आपल्या हातात आहे.

कुमाऊंत भांगेचं बी दिवाळीच्या आसपास झोडपून काढतात. तुमच्यापैकी कुणी हल्द्वानी, अल्मोडा, डेहराडूनला नोकरीनिमित्त असाल, आणि मराठी माणसं तिथे बरीच आहेत हे मला ठाऊक आहे, तर शेजारच्या आमांना, म्हणजे तिकडच्या आजीबाईंना, एवढंच विचारा की तुमच्याकडची भांग किती प्रकारची, आणि त्यातली आता कोणती पेरत नाही. उत्तर खाली लिहून कळवा. पुढच्या भागात आपण काथ्या आणि कोकणातल्या गलबतांकडे वळू.